वर्षातले दोनशे किलोमीटर: ट्रॅकसाठी आणि रोजसाठी एकच जुनी गाडी

भाचा पहाटे साडेपाचला मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी पळवायला जातो, हे मला त्याच्या बायकोकडून कळले. २०२२चा जून होता. घरी सांगायचा की पांडवलेण्याला चढायला चाललोय. प्रत्यक्षात पाथर्डी फाट्यावरून निघून घोटीपर्यंत जायचा आणि तिथून परत फिरायचा. एकदा वाडीवऱ्हेच्या पुढे दुभाजकातल्या फटीतून एक म्हातारबा सायकल काढत होते आणि याची गाडी जेमतेम थांबली. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, म्हणून ती घाबरून माझ्याकडे आली.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षे काढली. नाशिकला राष्ट्रीय रॅली स्पर्धेची फेरी होत असे, त्या वर्षांत गाड्यांची तांत्रिक तपासणी करणाऱ्यांच्या हाताखाली मदतीला जायचो. वेगाचे वेड काय असते हे मला कळते, आणि ते रागावून जात नाही हेही कळते. मी त्याला एवढेच म्हणालो, "चालवायची आहे ना? ट्रॅकवर चालव. रस्त्यावर पुन्हा हे केलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. गाडी शोधायला मी येतो."

त्यानंतरच्या आठ महिन्यांत आम्ही काय पाहिले, काय नाकारले, काय घेतले आणि कुठे चुकलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

घरची स्थिती

भाचा तेव्हा ३१ वर्षांचा. घर आनंदवलीला, नोकरी अंबडला. रोज बारदान फाटा, सातपूर, अंबड लिंक रोड असा प्रवास, येऊन-जाऊन २२ किलोमीटर. बायको शाळेत शिकवते आणि तिच्याकडे स्कूटर आहे. मुलगी तीन वर्षांची. सासुरवाडी सिन्नरला, बहुतेक रविवारी फेरी. सोसायटीत पार्किंगची जागा एकच, त्यामुळे दोन गाड्यांचा विचार पहिल्याच दिवशी संपला. जुनी हॅचबॅक विकून, शिल्लक घालून आणि थोडे कर्ज काढून हातात बारा लाख येणार होते. त्याची पहिली चूक तिथेच होती. बारा लाख म्हणजे बारा लाखांची गाडी, असे त्याने धरले होते.

त्याच्या मोबाइलमध्ये तीन नावे होती. सगळ्यात वर दिल्लीची २००९ची ऑडी टीटी, दोन लिटर टर्बो, २०० अश्वशक्ती. दुसरी पुण्याची २०१६ची फियाट अबार्थ पुंतो. तिसरी फोक्सवॅगन पोलो, ती मी सुचवली म्हणून. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० त्याला फार आवडायची, पण तिचे भाव आमच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून ती यादीत आलीच नाही.

ट्रॅक किती लांब आहे

गाडी बघायला निघण्याआधी मी त्याला वही घ्यायला लावली. तेव्हा देशात नाव घ्यावे असे पक्के रेस ट्रॅक तीन होते: ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट (५.१२५ किलोमीटर, २०११पासून), चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रासचा ट्रॅक (३.७ किलोमीटर) आणि कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे (२.१ किलोमीटर, २००३पासून). तिन्ही नाशिकहून हजार किलोमीटरच्या पलीकडे. त्याचा कॉलेजचा मित्र कोइंबतूरला राहतो, म्हणून कारी ठरला. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम असे गेले तर सुमारे १,४०० किलोमीटर पडतात.

मग वर्षाचा हिशेब मांडला. कामाला जाणे-येणे सहा हजार किलोमीटर. सिन्नरच्या फेऱ्या अडीच हजारांच्या आत. वर्षातून दोनदा कारी म्हणजे ५,६०० किलोमीटर नुसता प्रवास. आणि प्रत्यक्ष ट्रॅकवर? दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटांची पाच सत्रे धरली तर चाळीस-बेचाळीस फेऱ्या, म्हणजे नव्वद किलोमीटर. दोन दिवसांचे मिळून दोनशेसुद्धा नाहीत. चौदा हजारांतले दोनशे.

हा आकडा पाहून तो गप्प बसला. मी त्याला पुढचेही सांगितले. हे दोनशे किलोमीटर थोडे आहेत म्हणून दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत, कारण ब्रेक, टायर आणि इंजिन ऑइल यांचे वर्षभराचे हाल तेवढ्यातच होतात, आणि तेवढ्याच वेळात गाडीला विम्याचे छत्र नसते. तेव्हा गाडी निवडायची चौदा हजारांसाठी आणि तयार करायची दोनशेसाठी. आम्ही नंतर घेतलेला प्रत्येक निर्णय या एका वाक्यावर तपासला.

आधी शिकणे

गाडी घेण्यापूर्वी शाळेत जा, ही माझी अट होती. ऑगस्टमध्ये तो कोइंबतूरला जाऊन दोन दिवसांचा रेसिंगचा वर्ग करून आला. तिथे स्वतःची गाडी लागत नाही. शाळेच्या एक आसनी गाड्या असतात, मारुतीच्या १.३ लिटर इंजिनावर चालणाऱ्या. ज्या एस. करिवर्धन यांच्या नावाने तो ट्रॅक आहे, त्यांनीच आपल्याकडे अशा स्वस्त, देशी बनावटीच्या रेस गाड्यांचा पाया घातला. १९९५मध्ये विमान अपघातात ते गेले. साध्या इंजिनाच्या गाडीत किती शिकता येते हे भाच्याने स्वतः अनुभवावे, असे मला फार वाटत होते.

परत आला तो वेगळ्याच गोष्टी बोलत. जाण्यापूर्वी पिकअप, हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर. आल्यावर पहिले वाक्य, "मामा, ब्रेक कुठे दाबायचा हेच मला माहीत नव्हतं हो. मी वळणात दाबायचो." सरळ रेषेत ब्रेक संपवायचा, मग वळायचे, नजर पुढच्या टोकावर ठेवायची, ॲक्सिलरेटर हळूहळू उघडायचा. १.३ लिटरच्या गाडीत त्याला आपण किती हळू आहोत ते कळले. टीटीचे दोनशे घोडे तेव्हाच थोडे लांब गेले.

टीटी: नाकापेक्षा मोती जड

तरीही टीटीचा विचार आम्ही प्रामाणिकपणे केला. फोटोत गाडी देखणी होती, धावलेलीही कमी होती. मागणी साडेअकरा लाख. एवढ्या गाडीला एवढाच भाव का, हे मात्र नीट समजून घ्यावे लागते. तेव्हा दिल्ली परिसरात पेट्रोल गाडीला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची मर्यादा होती. २००९ची गाडी म्हणजे तिथे दोनच वर्षे शिल्लक. तिथला मालक उतरत्या भावात विकणार, हे साहजिक आहे. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी फिटनेस करून नोंदणी वाढवून घेता येते, म्हणजे गाडी लगेच भंगारात जात नाही. पण त्याआधी तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडे नव्याने नोंदणी, इकडचा रस्ता कर, आणि हे सगळे बारा महिन्यांच्या आत.

हे सगळे निभावता आले असते. अडले दुसरीकडेच. साडेअकरा गाडीला गेले की हातात पन्नास हजार उरतात. त्या गाडीचा सहा गिअरचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स चांगला आहे, ऑइलात चालणारा आहे, पण ते ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदलले आहे की नाही याचा एकही कागद विक्रेत्याकडे नव्हता. तेरा वर्षांची गाडी, कागद नाही, आणि मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा नियंत्रक, बिघडला तर भाच्याचे दोन-तीन पगार जाणार. मागच्या सीटवर मुलीला बसवायचे म्हणजे आईने दर वेळी कमरेत वाकायचे. भाचेसुनेने एकच प्रश्न विचारला, "ही बंद पडली तर आपण कशाने जायचं?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते.

ज्याच्या घरी दुसरी गाडी उभी आहे आणि ज्याने तीन-चार लाख दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले आहेत, त्याने अशी टीटी जरूर घ्यावी. त्या गाडीत बसल्यावर मिळणारा आनंद खोटा नाही. आमच्या घराला ती झेपणारी नव्हती.

अबार्थ: मॉडेल चांगले, गाडी वाईट

अबार्थवर माझेही मन होते, हे कबूल करतो. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन मीटर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. बनवलेली रांजणगावला. २०१५मध्ये ती दहा लाखांच्या आत आली, तेव्हा एवढ्या पैशांत एवढी ताकद दुसरे कोणी देत नव्हते. स्टिअरिंगला हायड्रॉलिक पंप, त्यामुळे रस्ता हाताला कळतो. ट्रॅकवर हे महत्त्वाचे असते.

सप्टेंबरच्या एका शनिवारी पुण्याला गेलो. मागणी सहा लाख चाळीस हजार, धाव ६२,०००. मी फोनवर तीनदा सांगितले होते की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवला तर कोमट. थंड इंजिनाचा धूर आणि आवाज बघू द्यायचा नसला की असे करतात. तिथेच निघायला हवे होते. पण दोनशे किलोमीटर आलो होतो आणि भाच्याचा चेहरा बघवत नव्हता.

रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र माझ्याकडे आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. छपरावर ११५ आले, डाव्या दारांवर १२०-१२५, उजव्या फेंडरवर ३४०. एवढ्यावर घाबरायचे कारण नाही, पुण्यात फेंडर कोणाचाही घासतो. पण उजव्या पुढच्या दाराचे रबर ओढून आतल्या खांबाच्या बुडाशी यंत्र लावले तर २९०. तिथे रंग देण्याचे कारण एकच, की तिथपर्यंत धक्का गेला होता. बोनेट उघडून रेडिएटर धरणारी आडवी पट्टी पाहिली. डावीकडे कारखान्याच्या स्पॉट वेल्डचे गोल, सारख्या अंतरावरचे ठसे होते. उजवीकडे सीलंट थापलेले आणि ठसे गायब. गाडी ठोकलेली होती आणि सरळ केलेली होती. बाजारात ती कितीही छान चालो, तिचा पुढचा भाग मूळ मापात आहे की नाही हे जिगवर, म्हणजे सांगाड्याची मापे तपासायच्या चौकटीवर, चढवल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. सव्वाशेच्या वेगाने वळणाआधी ब्रेक मारणाऱ्या माणसाने असल्या गाडीत बसू नये.

दुसरी गोष्ट जास्त सूक्ष्म होती आणि ती सगळ्यांना माहीत असावी. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, एकही दोष नाही. विक्रेता समाधानाने हसला. पण स्कॅनरमध्ये आणखी एक पान असते, गाडीने स्वतःच्या कोणकोणत्या चाचण्या पूर्ण केल्या आहेत त्याचे. तिथे जवळजवळ सगळ्या चाचण्या अपूर्ण दिसत होत्या. रोज चालणाऱ्या गाडीत असे दिसत नाही. बॅटरी काढली किंवा दोषांची नोंद पुसली की त्या शून्यावर येतात आणि काही दिवस चालवल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. म्हणजे आम्ही येण्याच्या थोडेच आधी काहीतरी पुसले गेले होते. टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढला, आत बोट फिरवले, ऑइलने माखले. वर "रीमॅप केलंय, १७० घोडे देते" असे सांगितले, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदललेला. कोणी केले, कधी केले, मूळ फाइल कुठे आहे, याचा कागद नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडे २३१७, म्हणजे २०१७च्या तेविसाव्या आठवड्यातले. रबर पाच वर्षांचे.

परतताना नारायणगावला चहाला थांबलो. तो म्हणाला, "मामा, स्टिअरिंग काय सुंदर होतं हो." सुंदरच होते. मी म्हणालो, ते मॉडेल सुंदर आहे, आज पाहिलेली गाडी वाईट आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेव.

महिनाभराने कोल्हापूरची दुसरी अबार्थ कळली. तिची फाइल पूर्ण होती, फोटोही स्वच्छ होते. ती बघायला आम्ही गेलो नाही. फियाटने २०१९मध्ये इथली विक्री बंद केली. इंजिनाचे सामान मिळते, फियाटच्याच लीनियालाही हेच टर्बो इंजिन होते. पण हेडलाइट, बंपर, काच असले सामान शोधायला लागले तर गाडी किती दिवस गॅरेजमध्ये उभी राहील हे सांगता येत नाही. एकच गाडी असलेल्या घरात हा धोका नको, असे आमच्यात ठरले. यावर भाच्याचे मन आजही पूर्ण बसलेले नाही, आणि त्याचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. सावकाश जमवलेल्या सामानाचा एक कप्पा घरात असता तर मीही अबार्थच निवडली असती.

पोलो

पोलोचे उत्पादन त्याच वर्षी एप्रिलमध्ये थांबले होते, पण बारा वर्षे चाकणला बनलेली गाडी आहे. नाशिकमध्ये तिचे काम जाणणारे चार मेकॅनिक मला नावानिशी माहीत आहेत. शिवाय २०१०पासून इथे पोलो कप नावाची एकाच गाडीची शर्यत चालली, रॅलीतही पोलो खूप पळाल्या. त्यामुळे कोणता पॅड टिकतो, कोणता बुश आधी जातो, हे ज्ञान लोकांजवळ साठलेले आहे.

कोणती पोलो, हा प्रश्न उरला. जुन्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटर इंजिन आणि सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, येतो. गाडी मजेदार आहे, पण लिंक रोडच्या शिफ्ट सुटायच्या गर्दीत रोज वीतवीत पुढे सरकायचे, आणि तोच क्लच ट्रॅकवर तापवायचा, हे मला पटले नाही. २०२०पासूनच्या १.० टीएसआयमध्ये तीन सिलिंडर, ११० अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर आणि सहा गिअरचा साधा मॅन्युअल मिळतो. क्लच प्लेट बदलायची वेळ आली तरी घर मोडत नाही.

गाडी सापडली नाशिकरोडला. डॉक्टर बाईंची, पहिल्या मालकाची, नोव्हेंबर २०२०ची हायलाइन प्लस, ३८,००० किलोमीटर. आम्ही यंत्र बाहेर काढायच्या आधीच त्या म्हणाल्या, "डावं मागचं दार रंगवलेलं आहे, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये स्कूटर पडली होती." मोजले तर तिथे २१०, बाकी सगळीकडे १०५ ते १३०. सर्व्हिसची बिले तारखेवार लावलेली. सकाळी सातला थंड इंजिन चालू केले, धूर नाही. स्कॅनरवर चाचण्या पूर्ण. खाली जाऊन पाहिले तर पुढच्या लोअर आर्मच्या बुशला चिरा आणि टायर संपलेले. दोन्ही गोष्टी बदलायच्याच होत्या, म्हणून त्या निमित्ताने भाव थोडा उतरला. सात लाख दहा हजारांत सौदा झाला, त्याच दिवशी विसार दिला.

कागदावर ही गाडी अबार्थपुढे हरते. ३५ घोडे कमी, मागे ड्रम ब्रेक. मागची सीट अरुंद, डिकी लहान. हे सगळे माहीत असून घेतली.

कागद आणि विमा

मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, बाईंचे कर्ज फिटलेले होते म्हणून बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५, ई-चलन शून्य असल्याची खात्री. गाडी एमएच-१५चीच, त्यामुळे एनओसीचा फेरा नाही. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही.

विम्याच्या पॉलिसीतला "वापराच्या मर्यादा" हा परिच्छेद मी भाच्याला मोठ्याने वाचायला लावला. संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल, हे सगळे वगळलेले असते. ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर नेऊन चालवायचा दिवस, ही शर्यत नव्हे, असा वाद घालता येईल, पण त्या वादाच्या भरवशावर गाडी चालवू नये. म्हणून आमचा नियम असा ठरला: ट्रॅकवर गाडी चुराडा झाली तर कर्जाचे हप्ते आणि दुसरी साधी गाडी, दोन्ही परवडेल एवढी रक्कम बँकेत असलीच पाहिजे. नसेल त्या वर्षी जायचे नाही. साडेअकराच्या टीटीत हा नियम पाळता आला नसता.

दोनशे किलोमीटरची तयारी

भाच्याला आधी एअर फिल्टर, सायलेन्सर आणि रीमॅप करायचा होता. मी म्हणालो, पहिले वर्ष इंजिनाला हात लावायचा नाही. एक तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केलेले आहे. दुसरे म्हणजे ताकद वाढवली की ब्रेकवरचा भार वाढतो, आणि आपला अशक्त दुवा तोच आहे.

त्याला हे गणित करून दाखवले. चालकासह गाडी साधारण १,१५० किलो. १२० वरून ६० वर आणायची तर सुमारे ४८० किलोजूल ऊर्जा ब्रेकमधून उष्णता होऊन बाहेर पडते. दीड लिटर गार पाण्याला उकळी आणायला एवढीच उष्णता लागते. पाहुण्यांच्या चहाचे पातेले दोन-तीन सेकंदांत उकळते असे समजा. प्रत्येक फेरीत असे दोन-तीनदा, आणि पंधरा मिनिटे सलग. ती उष्णता डिस्क, पॅड, कॅलिपर अशी सरकत ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ४ दर्जाचे ताजे ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतले पाणी शोषते, आणि पुरेसे पाणी शोषलेल्या ऑइलची हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला टेकते. नाशिकच्या दोन पावसाळ्यांत जुने झालेले ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

म्हणून खर्च असा झाला. चार नवे टायर मूळ मापाचेच, १९५/५५ आर १६, छत्तीस हजार. पुढचे चांगल्या दर्जाचे पॅड आणि चारही चाकांतून नवे ऑइल, पंधरा हजार. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, कुलंट मिळून साडेचौदा. बुश आणि अलाइनमेंट साडेसहा. विमा अठरा, हस्तांतराचे कागद सहा. सगळे मिळून ९६ हजार, म्हणजे गाडी रस्त्यावर आली आठ लाख सहा हजारांत. उरलेल्या जवळपास चार लाखांना हात लावला नाही.

कारी, जानेवारी २०२३

दोन दिवस जायला, एक दिवस ट्रॅक, दोन दिवस यायला. मी बरोबर गेलो. हुबळीपर्यंत त्याने चालवली, मग मी. एवढ्या प्रवासात गाडीने थकवले नाही, पाठ धरली नाही, एका टाकीत लांब गेली. त्या रात्री दावणगेऱ्याच्या लॉजवर पहिल्यांदा तो स्वतःहून म्हणाला की टीटीने इथवर यायची त्याला धास्ती वाटली असती.

सकाळी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या जागेत, गाडी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, मुलीची सीट, आणि मुख्य म्हणजे पायाखालच्या चटया. चटई सरकून पेडलखाली गेलेली मी रॅलीत पाहिली आहे. टायरची हवा थंड असताना ३२ होती, पहिल्या सत्रानंतर मोजली तर ३८. ती ३४ वर आणली, आणि संध्याकाळी परतीला निघण्यापूर्वी पुन्हा नियमाप्रमाणे भरली. हे विसरले की परतीच्या महामार्गावर कमी हवेचे टायर तापतात.

बेचाळीस फेऱ्या झाल्या. पेडल एकदाही नरम पडले नाही. तिसऱ्या सत्रात तो ब्रेक उशिरा मारायला गेला, वळण चुकले, गाडी बाहेरच्या मातीत गेली आणि उभी राहिली. हात वर करून बसला, मार्शलची खूण आली तेव्हा हळू परत आला. रस्त्यावर हीच चूक त्या सायकलवाल्या म्हाताऱ्यापाशी झाली होती. मी पिटच्या भिंतीशी उभा होतो आणि मला रडू आले.

परतीला हुबळी जवळ आल्यावर ९० वरून ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरू लागले. भाचा म्हणाला, डिस्क वाकली. मलाही क्षणभर तेच वाटले. घरी आल्यावर डायल गेज लावले, डिस्क फिरवून पाहिली: ०.०४ मिलिमीटर. वाकलेली नव्हती. पृष्ठभागावर मात्र पॅडच्या आकाराचा एक काळसर डाग होता. मग उलगडा झाला. सत्र संपल्यावर एक फेरी हळू मारून ब्रेक थंड करायचे, हे मी त्याला शिकवले होते आणि त्याने ते केलेही. पण पिटमध्ये उभा राहिल्यावर तो सवयीने ब्रेकवर पाय दाबून बसायचा. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी चिकटून राहिला की त्याचा थर तिथे बसतो. गिअरमध्ये टाकून पाय काढून घे, हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले. ही चूक माझी.

डिस्क खरवडायला दिली नाही. रविवारी सकाळी समृद्धीच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही हे पाहून, ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने दहा वेळा ब्रेक मारले, एकदाही पूर्ण न थांबता, आणि मग दहा किलोमीटर ब्रेक न लावता फिरवली. थरथर गेली.

चाके काढली तेव्हा पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा झिजून गोल झालेल्या दिसल्या, म्हणून पुढचे-मागचे अदलून घेतले. ब्रेक ऑइल पुन्हा बदलले. पॅड नवे असताना ११ मिलिमीटर होते, आता साडेसहा. रोजच्या वापरात हे अजून वर्षभर जातील, पण दुसऱ्या ट्रॅक डेला पुरणार नाहीत. आणखी कडक पॅड घालावे असे भाचा म्हणतो. ते थंडीत सकाळी पहिल्या सिग्नलला नीट पकडत नाहीत आणि किंचाळतात, आणि त्या वेळी मागच्या सीटवर मुलगी असते. मी म्हणतो, दोन संच ठेव, जायच्या आदल्या दिवशी बदल, दीड तासाचे काम आहे, मी शिकवतो. त्याने पाने घेतले आहेत. पहिल्यांदा कॅलिपर त्याच्या हातून उघडायचा, असे ठरले आहे.